तंबू आणि माळा

ताडोब्याच्या आजूबाजूला आता तंबू लागले आहेत. आत पलंग, एसी, न्हाणीत गरम पाणी, दारात खुर्ची टाकून चहा. याला ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात, असं गावच्याच एका पोराने मला समजावलं. म्हटलं, मग आम्ही जन्मभर केलं ते काय होतं गा? धान निसवलं की बाबा जागलीला माळ्यावर जायचे. खाली शेकोटी, अंगावर गोधडी, हाताशी टिनाचा डबा. रानडुकरं आली की डबा बडवायचा. वाघ आला की गप राहायचं. त्या रात्रींना निसर्गाची कुशी असं कोणी म्हटलं नाही.

पाहुण्यांवर माझा राग नाही. ते येतात म्हणून मोहर्ली-कोलाऱ्याच्या पोरांना जिप्सीवर, गाईड म्हणून काम मिळतं, हे खरंच आहे. राग आहे तो हिशेबावर. मे महिनाच घ्या. पारा ४५ च्या वर जातो, वाघ पाणवठ्यावर दिसतो, म्हणून सफारीला गर्दी. त्याच मे महिन्यात आमच्या बाया पहाटे तेंदूपत्त्याला निघतात. वाकून पानं तोडणाऱ्या बाईला मागून येणारा वाघ दिसत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तिघी गेल्या. वाघ पाहायचे पैसे कोण घेतो आणि वाघाची किंमत कोण मोजतो, एवढंच मी विचारतो.

गाभ्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं उठवली, कारण वाघाला माणसाचा वावर नको. मग काठावर जनरेटरचा वावर चालतो काहून? ज्याच्या नावाने ताडोबा झालं तो तारू वाघाशी झुंजताना मेला, असं गोंड लोक सांगतात. आज असता तर त्यालाही आधी बुकिंग करावं लागलं असतं.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे तिथली ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. बांबूचं ग्रामसभेला कळतं, तर तंबूचंही कळेल. किती लावायचे, बोअरचं पाणी किती उपसायचं, रात्री दिवे किती वाजता विझवायचे, हे गावासमोर ठरू द्या. आणि भाड्यातला गावचा वाटा, फळीवर पुडे मोजतात तसा, सगळ्यांच्या देखत मोजून द्या.