सवलतीचा दोष यंत्रमागावर नको

मा. संपादक,


यंत्रमागांच्या वीज सवलतीमुळे महावितरण डबघाईला येते, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष कायद्याला धरून नाही. वीज कायदा, 2003 च्या कलम 65 नुसार शासनाला एखाद्या ग्राहकवर्गास अनुदान द्यायचे असेल, तर ती रक्कम त्याने वितरण कंपनीला आगाऊ द्यायची असते. ती थकली तर जबाबदारी शासनाची, सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखानदाराची नव्हे.

उद्योगांना वीज स्वस्त मिळते, हेही अर्धसत्य आहे. सर्वसाधारण औद्योगिक दरात क्रॉस सबसिडीचा, म्हणजे शेतीसारख्या ग्राहकांचा दर कमी ठेवण्यासाठी इतरांकडून वसूल होणाऱ्या जादा रकमेचा, भार असतो.

कारखानदारांना वीजबचतीचे वावडे आहे, हा आरोप तर सर्वस्वी चुकीचा आहे. वारंवार जळून पुन्हा वाइंडिंग केलेली मोटर अधिक वीज खाते आणि सैल झालेला पट्टा घसरून तिची ताकद वाया घालवतो, हे कारखानदार रोज पाहतो. अडतो तो भांडवलापाशी. ही अडचण ओळखूनच केंद्राने 2017 मध्ये कार्यक्षम माग व मोटारी हप्त्याने देणारी ‘साथी’ योजना आणली.

दरनिश्चितीपूर्वी राज्य वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. लेखकाने आपले आक्षेप तेथे आकडेवारीनिशी मांडावेत.

— एक वाचक, जुळे सोलापूर