पाणकोंबडी ही कोंबडी नव्हे

मृगाची झड दोनचार दिवस लागून राहिली की गावाशेजारच्या नाल्यातून ‘कुवाक्-कुवाक्’ असा ओरडा सुरू होतो आणि कधी कधी तो रात्रभर थांबत नाही. ओरडणारा पक्षी तुम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. पाठ काळपट राखी, तोंड व छाती पांढरीशुभ्र, शेपटीखाली तांबडा डाग. दोन पावले टाकली की शेपटी वर उडवायची आणि माणूस दिसला की लव्हाळ्यात घुसायचे. आपण तिला पाणकोंबडी म्हणतो. पण हे नाव फसवे आहे.

कोंबडीचे खरे सोयरे म्हणजे मोर, तित्तिर आणि लावा. पाणकोंबडीचे कूळ वेगळे. पक्ष्यांच्या वर्गवारीत ती क्रौंच आणि सारस यांच्या गणात बसते. गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत माणसाएवढा उंच उभा राहणारा सारस कुठे आणि आपल्या नाल्यातली ही लाजरी कुठे! पण शास्त्रज्ञ उंची पाहून सोयरीक ठरवत नाहीत. ते हाडांची ठेवण, पायांची घडण आणि अलीकडे रक्तातला डीएनए पाहतात.

या कुळाचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, म्हणून दाट पाणकणसातून पान न हलवता ते निसटते. पायाची बोटे लांबलचक, त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर भार विभागला जातो व पक्षी बुडत नाही. पंख आखूड. उडताना पाय खाली लोंबतात आणि पाहणाऱ्याला वाटते, ही आता पडणार. कोंबडीसारखी ही उकिरडा उकरत बसत नाही.

आपल्या तळ्यांवर हिचे आणखी भाऊबंद आहेत. काळ्या अंगाचा, पांढऱ्या चोचीचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी. नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण चपखल ठेवले. थंडीत अकोल्याजवळच्या कापशी तलावासारख्या पाण्यावर त्यांचे थवे उतरतात. दुसरी जांभळी पाणकोंबडी. गावठी कोंबडीएवढी, निळ्याजांभळ्या अंगाची, लाल चोच, कपाळावर लाल ढाल, लांब लाल पाय. ती पाणकणसाचा दांडा मुळापासून उपटते, पायाच्या मुठीत धरते आणि आतला कोवळा गाभा खाते. आपली पोरे ज्वारीचे धांडे सोलून चोखतात ना, तसेच!

आता या जांभळीची एक चुलत बहीण पाहू. ती राहते पार न्यूझीलंडच्या बेटांवर. तिचे नाव ताकाहे. डोके व छाती निळी, पाठ हिरवट, चोच जाड व लाल. खाण्याची तऱ्हाही तीच, गवताचे खोड पायात धरून बुडखा खायचा. फरक एवढाच की ही सुमारे तीन किलोची असते आणि तिला उडता येत नाही.

असे का झाले? न्यूझीलंडात माणूस येण्यापूर्वी वटवाघळे सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणी नव्हते. मांजर नाही, मुंगूस नाही, कोल्हा नाही. उडून आलेल्या पूर्वजांना उडण्याची गरज उरली नाही. कोंबडी साफ करताना छातीच्या हाडाच्या मधोमध जी उभी कड लागते, तिलाच उडण्याचे मांस चिकटलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या उडणे सुटले तशी बेटावरच्या या पक्ष्यांची ती कड खुजी होत गेली. अंगाची शक्ती पायांकडे वळली. मग माणूस आला. त्याने शिकार केली, कुत्री आणली. पुढे गोऱ्यांनी वाढलेले ससे आवरायला मुंगसासारखा स्टोट नावाचा प्राणी आणून सोडला. ससे राहिले बाजूला, त्याला न उडणारे पक्षी सापडले. एका रोगावर दुसरा रोग आणून बसवल्यासारखेच ते झाले.

या पक्ष्याची शास्त्रातली नोंदही मोठी गमतीची आहे. १८४७ साली वॉल्टर मँटेल यांना उत्तरेकडच्या बेटावर काही हाडे मिळाली. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांवरून १८४८ साली त्या पक्ष्याला नाव दिले. तो पक्षी नामशेष झाला असे सारे समजून होते. पुढच्याच वर्षी दक्षिणेकडे सील मारणाऱ्यांच्या कुत्र्याने एक जिवंत धरला. त्यांनी तो दोनचार दिवस गलबतावर ठेवला आणि मग भाजून खाल्ला! कातडे मात्र मँटेल यांच्या हाती पडले. १८९८ नंतर पुन्हा एकही दिसेना. अखेर २० नोव्हेंबर १९४८ रोजी डॉक्टर जेफ्री ऑर्बेल यांना डोंगरातल्या एका तळ्याकाठी तो जिवंत सापडला. वर्गवारीचे भांडण तरीही चालूच होते. आधी त्याला वेगळ्या कुळात घातले, मग आपल्या जांभळीच्या कुळात आणले. उत्तर व दक्षिण बेटांवरचे पक्षी एकच की दोन, हा वाद डीएनएने सोडवला. ते दोन निघाले. उत्तरेचा कायमचा गेला. दक्षिणेचे २०२३ पर्यंत जतनाच्या कामामुळे पाचशेच्या घरात आले.

आपल्या पाणकोंबडीला पंख राहिले ते इथल्या मांजर-मुंगसांच्या धाकाने. पण तिलाही घरटे लागते, आणि ते लागते पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबरच्या सुमारास, नाल्याकाठच्या दाट झुडपात किंवा पाणकणसात. नेमका तेव्हाच आपण धुऱ्याचे गवत व नाल्याचे काठ साफ करायला विळा घेतो. पिल्ले काळी, कापसाच्या बोंडाएवढी, अंड्यातून निघताच चालणारी. पण घरटे उघडे पडले की कावळ्याचे फावते. शक्य असेल तर पाण्यालगतचा वावभर पट्टा दसऱ्यापर्यंत तसाच राहू द्यावा. वावराचे त्यात नुकसान नाही. फास लावून पाणकोंबडी धरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही पोरांना सांगून ठेवावे.

तुमच्या गावात या पक्ष्यांना निराळी नावे असतील. दर्यापूरकडे एक, मेळघाटाच्या पायथ्याशी दुसरे, बार्शीटाकळीत तिसरे. पाठीचा रंग, चोच आणि पाय पाहून आम्हाला कळवा; कोणते नाव कोणाचे ते मग एकत्र बसून जुळवू.