सकर मासा तलावात सोडणं हे अभयदान नव्हे



आधी निकाल सांगते, मग कारणं. घरच्या काचेच्या टाकीत वाढलेला सकर मासा दशलक्षण पर्वात तलावात, नदीत किंवा विहिरीत नेऊन सोडणं हे अभयदान नाही. ते अंग काढून घेणं आहे.

हे इतकं रोखठोक लिहायचं कारण म्हणजे आमच्या ओळखीच्या एका महिला मंडळात यंदा तसा कार्यक्रम ठरतोय. चार-पाच घरांतले "फार मोठे झालेले" मासे एकत्र न्यायचे, णमोकार म्हणायचा, पाण्यात सोडायचे आणि फोटो ग्रुपवर टाकायचे. मी नको म्हटलं तर एकीने विचारलं, "काकू, तुम्ही जैन असून मासा सोडायला नाही म्हणता?" हो, म्हणते.

ज्यांना सकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेला तोंड चिकटवून बसणारा, काळपट, अंगभर ठिपके असलेला मासा तो. कॅटफिश म्हणजे मिशावाल्या माशांच्या मोठ्या कुळातला, आपल्याकडच्या मांगुराचा लांबचा भाऊबंद. मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या नद्या. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या कडक पट्ट्यांचं चिलखत, कल्ल्यांच्या पंखांना काटे. दुकानात तो तीन इंचांचा असतो, तीस-चाळीस रुपयांना मिळतो आणि दुकानदार हमखास सांगतो, "ताई, एक सकर टाका, काच घासायला नको. घाण खाऊन राहतो."

सगळ्या अनर्थाची सुरुवात या वाक्यात आहे. तो काचेवरचं हिरवं शेवाळ खातो हे खरं. पण इतर माशांची विष्ठा खाऊन तो जगत नाही. उलट त्याची स्वतःचीच घाण इतकी असते की टाकी साफ होण्याऐवजी दुप्पट धुवावी लागते. आणि तो तीन इंचांचा राहत नाही. फुटाच्या वर, दीड फुटापर्यंत वाढतो. दहा वर्षं, त्याहूनही जास्त जगतो. म्हणजे नातू तिसरीत असताना आणलेला मासा नातू कॉलेजला जाईपर्यंत तुमच्याकडे आहे.

मी कॉमर्सवाली, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आपल्याकडे हॉलमध्ये साधारण दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी असते. दोन घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी, म्हणजे सगळं मिळून ५६ लिटर. दीड फुटाच्या माशाला एक फूट रुंदीच्या टाकीत अंग वळवताही येत नाही. त्याला नीट राहायला सहा बाय दोन बाय दोनची टाकी हवी. २४ घनफूट, जवळजवळ ६८० लिटर. नुसत्या पाण्याचं वजन ६८० किलो, काच, स्टँड, दगड वेगळे. हॉलच्या एकाच कोपऱ्यात दहा माणसं जन्मभर उभी करण्यासारखं आहे हे. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं तर १७० लिटर, म्हणजे अकरा-बारा बादल्या. आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे सोलापूरच्या बायकांना मी वेगळं सांगायला नको. चाळीस रुपयांची खरेदी, आणि मागे हा खर्च. दुकानदार पावतीवर हे लिहीत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आता धर्माकडे येते. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात बंधन आहे आणि आहारवारणाही आहे, म्हणजे आश्रित जिवाचं खाणं अडवणं. "घाण खाऊन राहतो" म्हणून सकरला वेगळं काही न घालणारी जी घरं आहेत, ती रोज आहारवारणा करतात. टाकीतलं शेवाळ आठवड्यात संपतं. मग तो मासा महिनोन्महिने अर्धपोटी असतो, पोट आत गेलेलं, डोळे खोल. तोंड काचेला चिकटलेलंच दिसतं, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं खातोय. उपाशी माणूसही ताट चाटतो.

आणि जी घरं खाणं घालतात, त्यांनी डबा उलटा करून वाचलाय का? बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे का हे आपण चष्मा लावून बघतो. माशांच्या खाद्याच्या डब्यावर घटकांत बहुधा पहिलंच नाव फिश मील असतं, म्हणजे सुकवलेल्या माशांची भुकटी. त्याखाली कोळंबीची पूड. देवघरापासून दहा फुटांवर हा डबा असतो आणि कुणाला काही वाटत नाही. त्यातल्या त्यात सकरचं एक बरं, की तो मुख्यतः शेवाळ आणि पाल्यावर जगणारा. दुधी, काकडी, दोडका यांच्या जाड चकत्या किंचित वाफवून, बुडाव्यात म्हणून चमच्याला टोचून टाकीत ठेवल्या की आवडीने खातो. पालक चालतो, सोललेला मटार चालतो. डबाबंद खाद्य लागलंच तर स्पिरुलिना शेवाळाच्या वड्या मिळतात, पण त्याही वाचून घ्या, बऱ्याचशांत भुकटी असतेच. हा मासा निशाचर आहे. आपण सूर्यास्तापूर्वी जेवून मोकळे होतो आणि ह्याचं ताट दिवे मालवल्यावर वाढावं लागतं. अष्टमी-चतुर्दशीला आपली हिरवी भाजी बंद असते. नियम आपण घेतला, त्याने नाही. त्याला द्या.

सकाळी उरलेल्या चकत्या काढून टाकायच्या, नाहीतर कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. अमोनिया हेच टाकीतलं खरं विष. तो वासाने कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याचं रूपांतर करणारे डोळ्यांना न दिसणारे जीव फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आज टाकी भरून आजच मासे सोडले की आठवड्यात एकेक वर तरंगतो. तो स्पंज नळाखाली खळखळून धुणं म्हणजे त्या सगळ्यांचा घात, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो हलकेच पिळायचा. भरायचं पाणी आधी दिवसभर उघड्या बादलीत ठेवायचं. टाकीत लपायला जागा हवी, रुंद मडकं आडवं ठेवलं तरी चालतं, आणि चाटायला लाकडाचा एक ओंडका. रात्रभर दिवा नको. वीज गेली तर पाण्यात हवा सोडणारा बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या.

इतकं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग हा कैदेतलाच जीव ना, सोडलेला काय वाईट?

इथे आमच्या मंडळातल्या बहिणी मृगसेन धीवराची कथा सांगतात. मुनींकडून त्याने नियम घेतला की जाळ्यात पहिला येणारा मासा सोडून द्यायचा. पहिल्या माशाला त्याने खुणेची चिंधी बांधून सोडलं, आणि दिवसभर तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात आला, त्याने पुन्हा पुन्हा सोडला. रिकाम्या हाताने घरी गेला, पण नियम मोडला नाही. सुंदर कथा आहे. पण तो मासा त्याने कुठे सोडला? ज्या नदीतून धरला त्याच नदीत. कथेतल्या धीवराला जे न सांगता कळलं, ते आपल्याला सांगावं लागतंय.

धीवराचं राहू द्या, आपल्या आज्या-पणज्या काय करत होत्या ते आठवा. विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायचं. गाळल्यावर कापडावर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, गाळलेल्या पाण्याने हळूच धुऊन पुन्हा विहिरीत पोचवायची. आणि ती वरून फेकायची नाही. तळाला कडी असलेली बादली असे, ती पाण्याला टेकली की अलगद उलटी होई, म्हणजे जिवांना आपटल्याचा धक्का नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी. या विहिरीची त्या विहिरीत टाकली की माझी आजी संतापायची. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात गेला की तो तरी मरतो नाहीतर तिथल्यांना तरी मारतो, हे तिला कुठल्या शाळेने शिकवलं नव्हतं. तिला दोन वाड्यांच्या विहिरींतलं अंतर जास्त वाटत होतं, आणि आपण ॲमेझॉनचा मासा भीमेत सोडायला निघालोय.

भीमेचं नाव मुद्दाम घेतलं. सोलापूर उजनीचं पाणी पितं. त्या उजनीच्या जलाशयात सकर जाळ्यांत सापडतो अशी मच्छीमारांची तक्रार वर्तमानपत्रांतून येत आली आहे. तो तिथे पोहत आलेला नाही, कुठल्या तरी काचेच्या टाकीतूनच आलाय. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत तो आहे, वाराणसीला गंगेतही सापडलाय. इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही, चिलखत आणि काटे पाहून सगळे दूर राहतात. नर काठाच्या मातीत खोल बिळं करतात, त्यात अंडी राखतात, आणि बिळांनी पोखरलेला काठ ढासळतो. तळ चरताना इतर माशांनी घातलेली अंडीही तो खातो. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो धरणात याच कुळातल्या माशांनी तिथली मासेमारी कोलमडवली. म्हणजे एक जीव "वाचवला" म्हणून आपण घरी येऊन एकासन करायचं, आणि तिकडे किती जिवांची अंडी-पिल्लं गेली याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

यावर एका बाईंनी मला जे उत्तर दिलं ते ऐकून मी गप्पच झाले. "जाळी फाटली तर बरंच की. तेवढेच मासे वाचतील." हा विचार पुष्कळांच्या मनात असतो, बोलून कुणी दाखवत नाही, म्हणून त्यांचे आभारच मानते. मासेमारीला माझा विरोध आहे, तो मी लपवत नाही. पण आपण ज्या धंद्यावर जगत नाही त्या धंद्यातल्या गरिबाचं जाळं फाटावं, कर्ज काढून त्याने नवं घ्यावं, ही इच्छा मनात धरणं हीच भावहिंसा. शिवाय जाळ्यात आलेल्या सकरचं पुढे काय होतं? त्याला गिऱ्हाईक नाही. काट्यांत गुंतलेला तो ओढून काढतात आणि काठावर फेकतात. इतर मासा पाण्याबाहेर काही मिनिटांत संपतो. सकर तोंडाने हवा गिळून पोटातून प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे तो उन्हात कित्येक तास तडफडत जिवंत राहतो. पर्वात मंत्र म्हणून सोडलेल्या माशाचं अभयदान इथे संपतं.

स्वाध्यायातल्या काही मंडळींचं दुसरंच टोक आहे. जैनाच्या घरात मासा नकोच, आजच्या आज बाहेर काढा. पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. नवा घेऊ नका. वास्तूसाठी नको, नातवाच्या हट्टापायी नको. दुकानात "शार्क" म्हणून जो चांदीसारखा चपळ मासा विकतात तोही कॅटफिशच, पंगास. मीटरभर वाढतो आणि घाबरला की काचेवर डोकं आपटतो. लाल शेपटीचा कॅटफिश तर दुसरे मासेही खातो. पण "आजच्या आज बाहेर" म्हणजे कुठे? मत्स्यशास्त्राची माणसं सांगतील की परका मासा पाण्यात सोडण्यापेक्षा त्याला वेदना न होता मारून टाका. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर असेल, मी तसं सांगू शकत नाही, तुम्हीही करणार नाही. मग उरतं एकच, तो आहे तोवर सांभाळायचा.

टाकी अपुरी असेल तर गच्चीवर किंवा शेतात सिमेंटचा हौद. सहा फूट लांब, तीन रुंद, दोन खोल पुरे. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, म्हणून दोन-तीन आठवडे पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून घ्यायचं. सावली हवी, सोलापूरच्या मे महिन्यात उघड्या हौदाचं पाणी हाताला चटका देतं. वर जाळी हवी, आणि पाणी बाहेर जायच्या भोकालाही बारीक जाळी, कारण पावसात हौद वाहिला तर मासा ओढ्याला लागेल. शेतातली विहीर म्हणजे हौद नव्हे, पुरात तिचं पाणी कुठेही जातं. एवढं ज्यांना जमत नाही त्यांनी दुकानदाराला परत द्यावा, किंवा मोठं मत्स्यालय बाळगणाऱ्याला विचारावं. दुकानदार पुन्हा विकेल हे खरं, तरी तलावापेक्षा ते बरं. हलवताना जाळी वापरू नका, काटे अडकतात. ओल्या जाड टॉवेलमध्ये धरून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा.

मंडळाच्या अध्यक्षबाईंना मी सुचवलंय की कार्यक्रमाचे पैसे एका हौदाला लावा. पाच घरांचे पाच मासे म्हणजे हौद बारा फुटांचा लागेल. जागा द्यायला एक शेतकरी श्रावक तयार आहेत, त्यांच्याकडे बोअर आहे, दुधीचा मांडवही आहे. विटा, सिमेंट, जाळी यांचा अंदाज मी काढून दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही. पर्वाला अठरा दिवस आहेत, आणि नव्या हौदाचा चुना उतरायलाच त्यातले पंधरा जातील.