कापसाच्या गंजीला ‘स्नो’ लावा

मोबाइल आले आणि साधे डिजिटल कॅमेरे कपाटात गेले. बोरी अरब आणि आसपासच्या गावकऱ्यांना माझं सांगणं आहे: तो कॅमेरा बाहेर काढा, बॅटरी चार्ज करा आणि या वेळी ‘ऑटो’वर अडून राहू नका. वरच्या चकतीवर किंवा मेनूत ‘सीन’खाली फूल, धावणारा माणूस, चंद्र, बर्फ अशी चित्रं सापडतील.

बर्फाचं चित्र पाहून पुढे जाऊ नका. समोरचं दृश्य साधारण मध्यम उजेडाचं असणार, असं कॅमेरा गृहीत धरतो. फुटलेली पऱ्हाटी, घरात लावलेली कापसाची गंजी किंवा पोळ्याला सजवलेला पांढरा बैल समोर आला, की कॅमेऱ्याला उजेड फार झाला असं वाटतं. तो उजेड कमी करतो आणि पांढराशुभ्र कापूस मळकट दिसतो. ‘स्नो’ लावला की तो मुद्दाम जास्त उजेड घेतो. यवतमाळ जिल्ह्यात बर्फ पडत नाही, पण कापूस पिकतो. म्हणून आपल्या सर्वांत कामाचा मोड हाच. बैल काळा असेल तर मात्र तो वापरू नका.

फुलाचं चित्र जवळच्या फोटोसाठी. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आपण विसरलेलो नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याला बोंडातली अळी दाखवायची असेल तर हा मोड लावा, झूम पूर्ण मागे घ्या, कॅमेरा जवळ न्या. बटण आधी अर्धं दाबा, फोकस लागला की पूर्ण.

तान्ह्या पोळ्याला पळणाऱ्या पोरांसाठी धावणारा माणूस निवडा, पण भर उजेडातच. ट्यूबलाइटखाली फोटो दाणेदार येतो.

रात्रीच्या मंडपात साध्या फ्लॅशची पोच तीनेक मीटर. मागची रोषणाई हवी तर चंद्र आणि माणूस असलेलं चित्र निवडा. शटर जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून कॅमेरा ओट्यावर टेकवा आणि फ्लॅश चमकल्यावरही माणसांना क्षणभर स्तब्ध राहायला सांगा.

अडाण नदीवरचा मावळता सूर्य ‘सनसेट’मध्ये टिपा, तांबूस रंग टिकतो. ‘पोर्ट्रेट’कडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका, एवढ्या लहान कॅमेऱ्यात मागचं दृश्य फारसं धूसर होत नाही.

आणि काम झालं की आठवणीनं ‘ऑटो’वर परत या. ‘स्नो’ तसाच राहिला तर पुढच्या लग्नातले फोटो पांढरेफटक येतील.