माणसाचा रंग कोणता?

पत्त्यांतला 'रंग' आपल्याला नवा नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० गोल पत्ते असतात. पण हाती नृसिंह आला म्हणून खेळणारा तापट, असे कोणी म्हणत नाही.

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा जादूगारांच्या लढाईचा पत्त्यांचा खेळ बाजारात आला. त्यात पाच रंग आहेत. पांढरा शिस्तीचा, निळा ज्ञानाचा, काळा सत्तेचा, तांबडा भावनेचा व मोकळेपणाचा, हिरवा निसर्गाचा. वर्तुळात मांडले की प्रत्येकाच्या शेजारचे दोन रंग त्याचे मित्र आणि समोरचे दोन विरोधी. आता काही जण यावरून माणसांचे स्वभाव सांगतात : 'तू निळा, मी तांबडा.'

माझे मत असे की, बोलण्याची भाषा म्हणून हे चांगले आहे. स्नेहसंमेलनाच्या तयारीत दोन मित्र भांडले, तर एकाला शिस्त हवी आहे व दुसऱ्याला मोकळीक, दोघांत वाईट कोणीच नाही, हे रंगांमुळे चटकन समजते. मात्र मोजपट्टी म्हणून ही पद्धत वापरू नये.

का? मापन चुकले तर ते चुकले हे दाखवता आले पाहिजे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली व प्रत्येकाला त्याचे 'स्वभाववर्णन' दिले. ते कितपत जुळते यासाठी विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वस्तुतः सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो मुख्यतः ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता! जे वर्णन सर्वांना लागू पडते, ते कोणाविषयीच काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट भौतिकशास्त्राची. तांबडे कापड शुद्ध हिरव्या प्रकाशात धरा. ते काळे दिसेल. म्हणजे दिसणारा रंग एकट्या कापडाचा नसतो, प्रकाशाचाही असतो. आमच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडीकडचे कोशाचे कापड घेताना जाणती माणसे ते दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहतात, ते यासाठीच. वर्गात गप्प बसणारा मुलगा कबड्डीच्या मैदानावर संघ चालवतो. मग त्याचा रंग कोणता म्हणायचा? शिवाय स्वभावाचे गुण उंचीसारखे असतात. बहुतेक माणसे मधे कोठेतरी, टोकाला थोडी. इंद्रधनुष्यातही एक रंग संपून दुसरा सुरू होतो अशी रेघ नसते.

दहावीनंतर शाखा निवडताना कोणी म्हणाले, 'तू तांबड्या स्वभावाचा, विज्ञान तुला झेपणार नाही', तर खेळ खेळ राहत नाही. एका मुलाची वाट अडते. राशीवरून किंवा आडनावावरून कोणी तसे म्हणाले, तरी तेच.

तेव्हा एक प्रयोग करा. एकच गोडसे स्वभाववर्णन लिहून वर्गातील प्रत्येकाला गुपचूप द्या. किती जण 'हा मीच!' म्हणतात ते मोजा आणि मग सर्वांना खरे सांगून टाका. त्यानंतर रंगांचा खेळ खुशाल खेळा.