मिसवाकसोबत आलेले प्लास्टिक

गेल्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या गाडीवरून मी मिसवाक घेतली. पिलूच्या झाडाची वीतभर काडी, पण ती प्लास्टिकच्या पाकिटात हवाबंद, आणि खिशात ठेवायला सोबत प्लास्टिकचीच डबी! उम्मतीला जड जाईल म्हणून प्रेषितांनी (स.) प्रत्येक नमाजआधी मिसवाकची सक्ती केली नाही, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी सुन्नत घरी आणली आणि कचराही.

घरी येऊन बाथरूमची फळी रिकामी केली. पाच माणसांचे पाच ब्रश, पेस्टच्या दोन ट्यूब, जीभ घासायची प्लास्टिकची पट्टी, हात धुण्याच्या साबणाच्या दोन बाटल्या आणि शॅम्पूच्या सात पुड्या. दंतवैद्य तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलायला सांगतात, म्हणजे आमच्या एकट्या घरातून वर्षाला पंधरा-वीस ब्रश. दांडा एका प्लास्टिकचा, केस नायलॉनचे. भंगारवाला हात लावत नाही. पुडीचे तर त्याहून वाईट. थरांवर थर, वजन नगण्य, कचरा वेचणाऱ्या बाईला ती उचलून काहीच मिळत नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काडीचे इअरबड देशभर बंद झाले, पण शॅम्पूची पुडी त्या यादीत नाही.

मी कुर्ल्यात राहतो. इथून देवनार दूर नाही. मुंबईचा कचरा १९२७ पासून तिथे साचत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याला आग लागली तेव्हा धूर शहराने पाहिला. शिवाजीनगर, बैंगनवाडीने तो छातीत घेतला. तिथे आपलीच माणसे मोठ्या संख्येने राहतात. वस्तीच्या आरोग्यासाठी आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते रास्तच आहे. पण त्या डोंगरात माझ्या घरच्या पुड्याही आहेत, हे मला आजवर सुचले नव्हते.

मग काय बदलले? हात धुवायला पुन्हा साबणाची वडी आली. जिभेसाठी तांब्याची पट्टी. शॅम्पूची एकच मोठी बाटली. बांबूचा ब्रश कौतुकाने आणला, तर केस नायलॉनचेच निघाले. दांड्याचे प्लास्टिक वाचते, एवढेच. फ्लोराइडची पेस्ट मात्र बंद केली नाही, तुम्हीही मुलांची करू नका. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लागत नाही, वाटाण्याएवढी पुरते.

रोजंदारीवरच्या घराला पुडीच परवडते, त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टनाची जबाबदारी कंपन्यांवरही टाकली आहे. पुढच्या निवेदनात गटारांसोबत हा मुद्दाही लिहा: आमच्या वॉर्डात पुड्या गोळा करायला कोण येते?

या जुम्म्याला त्याच गाडीवर सुटी मिसवाक मागितली. गाडीवाल्या चाचांनी खालच्या ओल्या गोणपाटातून काढून दिली आणि पाच रुपये कमी घेतले.