विज्ञान प्रदर्शनात दुरुस्तीलाही गुण हवेत

बार्शीटाकळीसारख्या तालुक्यातला विद्यार्थी विज्ञान प्रदर्शनासाठी स्मार्ट कचराकुंडी किंवा अंधांसाठी सेन्सरची काठी तयार करतो, तेव्हा त्याच्या जिज्ञासेचे कौतुक व्हायलाच हवे. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवडलेल्या कल्पनेला प्रतिकृतीसाठी 10 हजार रुपये मिळतात, हेही स्वागतार्ह आहे. पण निकाल लागल्यावर नव्याने विकत आणलेले बोर्ड, मोटर आणि बॅटरी यांचे काय होते, हे परीक्षक विचारत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणात गेल्याची नोंद आहे. भारतात 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली. पण वस्तू भंगारात गेल्यावरच ही जबाबदारी सुरू होते. खरा प्रश्न त्याआधीचा आहे: वस्तू उघडता येते का, तिचा बिघडलेला भाग बदलता येतो का? फ्रान्सने 2021 मध्ये काही उपकरणांसोबत दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक दाखवणे सक्तीचे केले. आपल्या प्रदर्शनांच्या गुणपत्रिकेतही असा एक रकाना हवा, आणि बंद पडलेला फवारणी पंप किंवा मिक्सर पुन्हा चालू करणाऱ्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र गट हवा.

दुरुस्ती म्हणजे संशोधन नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. पण बिघाड शोधताना अंदाज बांधावा लागतो, मीटर लावून तो तपासावा लागतो आणि चुकीची शक्यता बाद करावी लागते. विज्ञानाची पद्धत याहून वेगळी नाही. जुनी उपकरणे धोकादायक असतात, हा दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या, जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही आणि तारा जाळून तांबे काढणे यांना सक्त मनाई हवी. बाकीचे काम शिक्षक आणि गावातल्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली, वीजजोडणी काढूनच व्हावे. शाळकरी प्रकल्पांनी असा कितीसा कचरा कमी होणार, असेही कुणी म्हणेल. तो थोडाच कमी होईल. पण आजचे हे विद्यार्थी उद्या यंत्रे घडवतील आणि विकतही घेतील. दुरुस्त न होणारी वस्तू नाकारण्याची सवय त्यांना शाळेतच लागायला हवी. शिक्षण विभागाने यंदाच्या तालुकास्तरीय प्रदर्शनापासूनच हा बदल करावा. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, गुणपत्रिकेत एक रकाना वाढवला तरी सुरुवात होते.